खेळण्यांचा जीर्णोद्धार

जुने देऊळ मोडकळीस आले म्हणजे त्याचा जीर्णोद्धार करावा, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. जुन्या वाड्याची, जुन्या पोथीची, फार काय पण आजीच्या शालूचीही डागडुजी करणाऱ्यास कोणी हसत नाही. परंतु पन्नाशीस आलेला एखादा गृहस्थ आपल्या लहानपणीच्या खेळण्यातील मोटारीचे हरवलेले चाक मिळविण्यासाठी महिनेच्या महिने खटपट करताना दिसला, म्हणजे घरची माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. आम्हांस त्या हसण्यात सामील होता येत नाही. मोडलेली वस्तू पुन्हा उभी करताना काय राखावे, काय बदलावे आणि काय लपवू नये, हे प्रश्न देवळाच्या बाबतीत भक्तीच्या आणि वर्गणीच्या गलबल्यात झाकले जातात. खेळण्याच्या बाबतीत ते उघडे समोर येतात. म्हणूनच त्यांचा येथे थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

ज्या मोटारींविषयी आम्ही बोलत आहो, त्या तयार मिळत नसत. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे सुटे भाग एका चौकटीस लागलेले असत. मुलाने ते एकेक तोडावे, कानसावे, चिकटवावे, रंगवावे आणि आपल्या हाताने मोटार उभी करावी, असा तो खेळ होता. इंग्लंडात 1939 साली निघालेल्या एअरफिक्स कंपनीने 1949 साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची अशी प्रतिकृती काढली. अमेरिकेत एएमटी कंपनीने 1958 पासून खऱ्या मोटारीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढ्या मोटारींचे संच बाजारात आणले. त्या काळची मुले आज वृद्ध झाली आहेत, आणि त्यांच्या मोटारीही. ज्या मऊ प्लास्टिकचे टायर केलेले असत, त्यातील द्रव्य हळूहळू पाझरून चाकासच खाऊन टाकते. पारदर्शक काचा उन्हाने पिवळ्या पडतात. बंपरावरील चांदीसारखा मुलामा बोटांच्या घर्षणाने उडतो. शिवाय जोडणीचे द्रव्य प्लास्टिक विरघळवून दोन भागांचा एक भाग करून टाकते, त्यामुळे सुताराचा सांधा उकलावा तसा हा सांधा सहजासहजी उकलत नाही.

मग नवा भाग आणावा कोठून? अमेरिकन मोटारींचे रूप दरवर्षी पालटत असे, आणि त्याबरोबर खेळण्याचा पोलादी साचाही पुष्कळदा तोच कोरून पुढील सालच्या मोटारीसाठी बदलला जाई. एकदा साचा बदलला की मागील सालचा बंपर पुन्हा निघणे नाही. अशा वेळी मार्ग तीनच उरतात. दुसरी एखादी मोडकी मोटार विकत घेऊन तिचा भाग काढून घ्यावा; किंवा कोणाजवळच्या चांगल्या भागावरून रबराचा साचा घेऊन त्यात रेझिन ओतावे; किंवा अलीकडे त्रिमितीय छपाईचे यंत्र निघाले आहे, त्यावर तो भाग नवा घडवावा.

येथे तत्त्वज्ञ मंडळींचा आवडता प्रश्न उभा राहतो. चाके दुसऱ्याची, काच नवी, बंपर ओतलेला. मग ही मोटार तीच म्हणावी काय? हा प्रश्न फार जुना आहे. पायी आलात की रथाने, असे भिक्षू नागसेनाने मिलिंद राजास विचारले, आणि रथाने आलो म्हणताच आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय, अशी एकेक अवयवाची चौकशी करून राजास निरुत्तर केले. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज फळ्या बदलीत बदलीत जतन केले, असे प्लूटार्क सांगतो. पुढे सतराव्या शतकात हॉब्जने विचारले की, काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरे जहाज बांधले, तर दोहोंपैकी खरे कोणते? ही कोडी बुद्धीस तीक्ष्ण करतात खरी. परंतु मोटार हातात घेऊन बसलेल्या माणसाचा पेच त्यांनी सुटत नाही. ‘रथ’ हे अवयवांच्या मेळास व्यवहाराने दिलेले नाव आहे, हे नागसेनाचे म्हणणे मान्य केले, तरी कोणत्या व्यवहाराने, हे पाहणे उरतेच.

तो व्यवहार पाहावयास दूर जाणे नको. नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीच्या काठी खापा हे विणकरांचे जुने गाव आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या भागात तान्हा पोळा भरतो. भोसल्यांच्या राजवटीत तो सुरू झाला अशी परंपरा आहे. त्या दिवशी खाप्यासारख्या गावी मुले लाकडाचे नंदी सजवून, ओढीत मिरवितात, आणि घरोघर त्यांस खाऊ नि पैसे मिळतात. पुष्कळ घरी नंदी एकच असतो. बापाने ओढलेला मुलगा ओढतो. त्याचे चाक झिजले तर सुतार नवे बसवितो, शिंग मोडले तर नवे ठोकतो, रंग तर वारंवार नवा चढतो. तरी हा नंदी तोच काय, असे कोणी विचारीत नाही, कारण त्याचे तेच असणे लाकडात साठविलेले नाही. दरवर्षी कोणा तरी मुलाच्या हाती त्याची दोरी येते, यात ते आहे. जी वस्तू वापरात जिवंत आहे, तिचा अवयव बदलणे ही तिची सेवाच होय.

परंतु तीच वस्तू कपाटात जाऊन बसली आणि तिला बाजारभाव आला, म्हणजे हिशेब पालटतो. अस्सल भागांच्या मोटारीस संग्राहक अधिक किंमत देतो, आणि मग ओतलेला बंपर मूळचा म्हणून खपविण्याचा मोह उत्पन्न होतो. बदल करण्यात पाप नाही, तो दडविण्यात आहे. या बाबतीत आमच्या महाराष्ट्रातच एक थोर उदाहरण घडले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते 1966 साली पुरे झाले. 1925 पासून 1943 पर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. अनेक लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहताना जो पाठ संशयास्पद वाटला, त्याखाली या संपादकांनी नागमोडी रेघ छापली. जे श्लोक गाळले ते फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. एवढ्या मोठ्या ग्रंथाचा उद्धार करणाऱ्यांस आपली शंका उघड दाखविण्यात कमीपणा वाटला नाही. मग नव्या चाकाच्या आतल्या बाजूस बारीकशी खूण कोरून ठेवावयास, किंवा कोणता भाग कोठून आणला हे चिठ्ठीवर लिहून ती पेटीत घालावयास, खेळण्याच्या दुरुस्तीकारास जड का वाटावे?

दुसरा पेच याहून अवघड आहे. एक मोटार पुरी करण्यासाठी दुसरी फोडावी काय? या छंदात ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की तिच्याविषयी कोणास विचारही पडत नाही. ज्या मोटारीचे छप्पर चिरडले आहे, जिचा अर्धा भाग हरवला आहे, तिची चाके घेण्यास आमचीही हरकत नाही. तिची चाके निदान फिरतील. पण जी थोड्या श्रमाने स्वतःच उभी राहिली असती, ती केवळ आपल्या मोटारीहून स्वस्त मिळाली म्हणून मोडणे, हा मात्र आमच्या मते अन्याय आहे. तेथे ओतीव भाग वापरावा. नक्कल केल्याने कोणाचे काही मोडत नाही. मात्र दुसऱ्या कारागिराने मेहनतीने घडविलेल्या नमुन्यावरून, त्यास न विचारता साचा घेऊन विक्री मांडणे, ही चोरीच समजावी.

आता शेवटचा, आणि आमच्या मते मूळचा प्रश्न. समजा, एखाद्या घरी माळ्यावर अशी एक मोटार सापडली. दारे वाकडी बसली आहेत, समोरच्या काचेवर चिकटद्रव्याने माखलेल्या बोटाचा ठसा उमटला आहे, रंग ब्रशाच्या रेघोट्यांनी भरला आहे. ती ज्या मुलाने जोडली, तो मोठा होण्यापूर्वीच गेला; आणि आज त्याचा भाऊ ती नीट करावयास बसला आहे. कुशल हात असला तर तो सगळा रंग उतरवील, काच बदलील, आणि दुकानाच्या पेटीवरील चित्रासारखी मोटार तयार करील. पाहणारे वाहवा करतील. परंतु त्या घरात त्या मुलाच्या हाताची जी शेवटची निशाणी उरली होती, ती त्या धुलाईत वाहून गेली असेल, आणि कोणताही ओतकाम करणारा ती पुन्हा ओतून देऊ शकणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, असे असेल तर कशासही हात लावू नये. धूळदेखील झाडू नये. आम्ही तसे म्हणत नाही. काळाने आणि हयगयीने जे मोडले ते दुरुस्त करावे. हाताने मनापासून जे केले, ते ओबडधोबड असले तरी राखावे. गळून पडलेले चाक बसवावे, टायराने खाल्लेली कड भरावी, मोटार पुन्हा चार चाकांवर उभी राहील असे करावे. वाकडे दार वाकडेच असू द्यावे. जोडणारा हयात असेल तर त्यास विचारावे, कारण आपला लहानपणचा गबाळेपणा पुसण्याचा अधिकार त्याचा आहे. नसेल, तर त्याच्या वतीने तो अधिकार दुसऱ्या कोणी घेऊ नये.

मागावर ताण्याचा धागा तुटला म्हणजे विणकर काय करतो ते पाहावे. तो माग थांबवितो, तुटलेली टोके शोधतो, बारीक गाठ मारून धागा पुन्हा फणीतून ओवतो आणि पुढे विणू लागतो. गाठ न मारावी तर कापडास लांबच लांब फट पडेल. आणि एका धाग्यासाठी विणलेले सारे उसवावे, असे तर कोणत्याही शहाण्या विणकराच्या मनात येत नाही. ती गाठ त्या कापडातच राहते, आणि हात फिरविणाऱ्यास लागते. जुन्या वस्तूस हात घालणाऱ्या प्रत्येकाने, मग ती वस्तू देऊळ असो की बोटभर मोटार, आपण गाठ मारीत आहोत की मागील वीण उसवीत आहोत, एवढे तरी स्वतःस विचारून मगच हत्यार उचलावे, अशी आमची विनंती आहे.