आंतली शिवण

जें काम कोणाच्याहि दृष्टीस पडावयाचें नाहीं, तें चोख करण्याचें बंधन मनुष्यावर आहे काय? नीतिशास्त्राच्या वर्गांत हा प्रश्न आम्हीं अनेक वर्षें चर्चिला. पण त्याचें उत्तर आम्हांस एका बाराबंदीनें दिलें.

नगर येथील आमच्या महाविद्यालयांत पेशवेकालीन नाटकासाठीं जुन्या धर्तीचे पोशाख हवे होते. अंगरखा शिंप्याकडे गेला; त्याच्या आंत घालावयाची बाराबंदी हातानें शिवण्याचें काम आम्हीं हौसेनें पत्करलें. सुई हातीं धरण्याचा आमचा हा पहिलाच प्रसंग.

मांजरपाट बेततांना ध्यानांत आलें, कीं येथें वांकडा काप फारच थोडा. पाठ व बाह्या हे सरळ पट्टे, काखेंत चौकोनी बगल, आणि गुंड्यांऐवजी बंद. अठराव्या शतकांतील इंग्रजी सदराहि असाच पट्टे व चौकोन जोडून होई. सूत आणि वीण दोन्हीं हातचीं असतां कापड वायां घालविणें कोणास परवडणार? हात मोकळेपणानें वर उचलतां येतो तो त्या बगलेमुळें; आणि नेमकी तीच कोणास दिसत नाहीं.

एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, प्रेक्षकांस हें दिसणार नाहीं, मग कडा दुमडून पुन्हां टांके कशाला?" ईश्वर पाहतो, हें यावरील जुनें उत्तर. तें थोर खरें; परंतु त्यासहि पाहणारा लागतोच. बाराबंदी निराळें सांगते. अंगरख्याची सुलट बाजू लोकांकडे असते. अंतर्वस्त्राची खरी बाजू अंगाकडे. आंतली उघडी कड जगास दिसत नाहीं, पण घालणाऱ्याची कांख सोलून काढते. म्हणून कामाचा चोखपणा पाहणाऱ्याचें देणें नव्हे. तें वापरणाऱ्याचें देणें आहे.

इतिहास मात्र पाहणाऱ्याचाच पक्ष घेतो. जरीचा अंगरखा पेटींत जपला जातो व संग्रहालयांत पोंचतो. रोजची बंडी घामानें विरते, गोधडींत शिरते आणि शेवटीं पोतेरें होते. जें टिकलें तें बहुधा कमी वापरलेलें.

आमच्या शहरींहि हेंच. १५८३ सालीं पुरा झालेला फराहबागेचा महाल पाहावयास लोक आजहि जातात. परंतु निजामशाहींत कापूरवाडीकडून जमिनीखालच्या नळांनीं शहरांत पाणी येई, त्या नळांचे सांधे कोणी पाहिले? ते ज्यांनीं घट्ट बसविले त्यांचीं नांवें उरलीं नाहींत. शहराची तहान मात्र त्यांनींच भागविली.