हन्नेचें रुदन आणि एलीची चूक

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:१-१८, लूक १:५-७



एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशांत राहणारा एलकाना आपल्या कुटुंबासह दरवर्षीं शिलो येथें परमेश्वराच्या भजनास जात असे. दिवस सणाचा, घरचीं सर्व माणसें भोजनास बसत, परंतु हन्ना मात्र रडत असे, व तिच्या तोंडांत घास जात नसे. तिला मूल नव्हतें, आणि तिची सवत पनिन्ना तिला त्यावरून टोंचून बोलत असे. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस हा प्रसंग नवा नाहीं. कोणाच्या घरीं बालकाचा बाप्तिस्मा असतो, आणि एखादी भगिनी कांहीं निमित्त काढून घरींच राहते. ती कां आली नाहीं हें सर्वांस ठाऊक असतें; पण तिच्या दारीं कोणी जात नाहीं.

मूल न होणें ही पापाची शिक्षा आहे काय? पुष्कळांच्या मनांत हा प्रश्न असतो, व आमच्या पूर्वजांच्या समजुती आमच्याबरोबर मंडळींतही आल्या आहेत. परंतु लूक काय लिहितो तें पाहा. जखऱ्या व अलीशिबा हीं दोघेंही देवाच्या दृष्टीनें नीतिमान होतीं, असें तो आधीं सांगतो, आणि लागलीच त्यांना मूल नव्हतें हेंही सांगतो. एका गोष्टीमुळें दुसरी खोटी ठरत नाहीं. तसेंच, जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीं, पाप कोणीं केलें, असें विचारलें, तेव्हां प्रभूनें तो प्रश्नच चुकीचा ठरविला. ज्याचा हिशेब प्रभूनें मांडला नाहीं, तो आम्हीं कां मांडावा?

येथें आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एक सासू आपल्या सुनेस घेऊन आमच्याकडे आली. लग्नास पांच वर्षें झालीं होतीं. आम्हीं त्या सुनेच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि अंतःकरणांत कांहीं गुप्त पाप असेल तर तें शोधून पश्चात्ताप करावा, असा तिला बोध केला. तिचा नवरा बाहेर लिंबाखालीं बसला होता. त्यास आम्हीं एक शब्दही विचारला नाहीं. पुढें एका परिचारिकेच्या सांगण्यावरून दोघांची तपासणी झाली, तेव्हां उणीव नवऱ्याच्या शरीरांत आहे असें आढळलें. ती भगिनी आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, तीन वर्षें मी माझें पाप शोधीत होतें. मला तें सांपडेना, म्हणून मी आणखी रडत होतें.” आम्हीं तिची क्षमा मागितली. एलीनेंही हन्नेचे ओठ हालतांना पाहून ती मद्य प्याली आहे असें ठरविलें. पण तिचें उत्तर ऐकतांच त्यानें आपला शब्द फिरवून तिला आशीर्वाद दिला. त्याची चूक त्याच दिवशीं सुधारली. आम्हांस तीन वर्षें लागलीं.

म्हणून हें नीट ध्यानांत ठेवा कीं, दोष नेहमीं स्त्रीकडेच असतो हें खोटें आहे. कधीं कारण स्त्रीच्या शरीरांत असतें, कधीं पुरुषाच्या, कधीं दोघांच्या, व कधीं तें सांपडतही नाहीं. स्त्रीबीज वेळेवर तयार होत नाहीं, किंवा गर्भनलिका बंद असते. आमच्या देशांत क्षयरोग गर्भाशयाला व नलिकांना लागूनही असें घडतें, आणि तें बाहेरून कळत नाहीं. पुरुषाच्या वीर्यांत शुक्रजंतू कमी किंवा दुर्बळ असतात. तंबाखू व दारू यांनीं त्यांची हानि होते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलें कीं, जगांत सुमारें सहा माणसांपैकीं एकास आयुष्यांत केव्हां तरी ही अडचण येते. मग हा शाप तुमच्याच घरावर आला आहे असें कां मानतां?

पतिपत्नी एक वर्ष नियमित सहवासांत असूनही गर्भ राहिला नाहीं, तर दोघांनीं मिळून डॉक्टरकडे जावें. स्त्रीचें वय पस्तिसांच्या पुढें असेल तर सहा महिन्यांनींच जावें. पुरुषाची तपासणी सोपी असते व तिच्यांत शस्त्र लागत नाहीं. ती लाजेस्तव टाळणें म्हणजे आपलें ओझें बायकोच्या शिरावर ठेवणें होय. औषध घेणें हा अविश्वास नव्हे. लूक स्वतः वैद्य होता. परंतु देवऋषी, भगत, अंगारा, गंडेदोरे व नवस यांच्या मागें जाऊं नका. अलौकिक शक्तीनें मूल देतों असें सांगून स्त्रीला भ्रष्ट करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. आणि ख्रिस्ताचें नांव घेऊन पैशांच्या मोबदल्यांत मुलाचें वचन देणाऱ्यापासूनही सावध राहा.

प्रयोगशाळेंत गर्भधारणा करून मूल होण्याचा उपाय आतां आहे. मुंबईंत १९८६ सालीं असें बालक जन्मलें. पण त्यास खर्च फार, आणि यशाची खात्री कोणीही देऊं शकत नाहीं. २०२१ च्या कायद्यानें अशा दवाखान्यांस नोंदणी आवश्यक केली आहे. म्हणून शेत गहाण टाकण्यापूर्वीं नोंदणी पाहा, व यश किती जणांस येतें हें स्पष्ट विचारा.

इतकें करूनही मूल झालें नाहीं तर? जो कोणी प्रार्थना करील त्यास मूल मिळेलच, असें आम्ही म्हणत नाहीं; तसें वचन शास्त्रांत नाहीं. पण एक गोष्ट पाहा. हन्ना प्रार्थना करून उठली, जेवली, आणि तिचें तोंड पुनः उदास राहिलें नाहीं. तेव्हां शमुवेल अजून पोटींही आला नव्हता. तिनें आपलें दुःख देवापुढें ओतलें होतें, आणि देवानें तें ऐकलें एवढें तिला पुरें झालें. प्रार्थनेचें पहिलें फळ तें होतें.

नवऱ्यांनो, विवाहाच्या वेळीं तुम्हीं देवासमोर जी शपथ घेतली, तींत मूल होईल तरच, अशी अट नव्हती. बायकोला माहेरीं धाडणें किंवा दुसरीचा विचार मनांत आणणें हें त्या शपथेचा भंग करणें आहे. आणि ज्यांना बालक वाढविण्याची इच्छा आहे, त्यांनीं दत्तकाचा विचार करावा. पूर्वीं ख्रिस्ती लोकांस बहुधा मुलाचें पालकत्वच घेतां येई. २००० चा बालन्याय कायदा व २००६ ची दुरुस्ती यांनीं त्यांसही दत्तकाचा मार्ग खुला झाला, आणि आतां २०१५ च्या कायद्याप्रमाणें तें मूल सर्व हक्कांनीं तुमचेंच होतें. मात्र लोकांचीं तोंडें बंद करण्यासाठीं मूल घेऊं नका. त्या मुलासाठीं घ्या. आम्ही स्वतः देवाचीं दत्तक लेंकरेंच नाहीं काय?

उपदेशकबंधूंनो, अशा घरीं जा, पण उपदेश घेऊन जाऊं नका. आधीं ऐका. प्रार्थना करावयाची तर दोघांस जवळ बसवून करा. बाप्तिस्म्याच्या दिवशीं त्या भगिनीस मागें उभी राहूं देऊं नका. यशया ५६ व्या अध्यायांत, ज्यांस संतति नाहीं त्यांस देव आपल्या घरांत पुत्र व कन्या यांपेक्षां उत्तम नांव देतो असें सांगितलें आहे. देवाच्या घरांत ज्यांचा असा मान आहे, त्यांस आमच्या घरांत जागा नसावी काय?

हन्नेचें ऐकणारा देव आमच्या प्रत्येक घरचें रुदन ऐको, आणि आमचे कान उघडो. आमेन.