दूध आटेपर्यंत

नाशिकची नोकरी सुटली आणि मी माझ्या गावी, राजूरला परत आले, तेव्हा भेटेल तो एकच विचारायचा, "मग आता पुढं काय?" दिवसभर संगणकात आकडे भरायचे, चूक कळायची ती महिनाअखेरीला, अशी ती नोकरी होती. एकतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी एडीएचडीचं निदान केलं. तोवर 'धांदरट', 'अर्धवट कामाची' हीच माझी नावं होती. गोळ्या सुरू झाल्या, त्यांचा उपयोगही होतो. पण पुढची दिशा ठरेपर्यंत हाताला काम हवं होतं. आई म्हणाली, "तात्पुरतं काहीतरी बघ, बाई."

राजूरचे पेढे सगळीकडे जातात. ओळखीनं एका भट्टीवर सकाळची पाळी मिळाली. पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो. उलथनं कढईच्या तळाशी खरवडत फिरवत राहायचं. आधी फेस चढतो, मग दूध जड होतं, बुडबुड्यांचा आवाज बदलतो, आणि शेवटी खवा कड सोडून मध्ये गोळा होतो. मन भरकटलं की वास येतो, हात आपोआप तळाशी जातो. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून एक कढई लागली. फोन वाजला होता. मालक रागावले नाहीत. म्हणाले, "फोन डब्यात ठेवत जा." तेव्हापासून भट्टीवर फोन डब्यात असतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो, की हे मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं. पण त्यावर श्रीकृष्ण आधी काय म्हणतो, ते मला भट्टीवर उमगलं. तो अर्जुनाला रागावत नाही. खरंय, यात संशय नाही, असं आधी मान्य करतो, आणि मगच अभ्यासाची गोष्ट काढतो. त्याआधी त्याने सांगितलेलंच असतं, की मन जिथं जिथं जाईल तिथून परत आणावं. 'जाऊच देऊ नये' असं तो म्हणत नाही. जाणार हे धरलेलंच आहे. परत आणायचं काम मला एकटीला कधी जमलं नाही. दूध ते माझ्याबरोबर करतं.

मग गीतेतल्या स्वधर्माचा, म्हणजे आपलं खरं काम कोणतं याचा, प्रश्न उरतो. अठराव्या अध्यायात आहे, की सहज, म्हणजे जन्मासोबत आलेलं, कर्म सदोष असलं तरी टाकू नये, धुरानं अग्नी वेढलेला असतो तसा प्रत्येक आरंभ दोषानं वेढलेला असतो. याच विचाराच्या आधारानं माणसांना जातीच्या कामाला पिढ्यानपिढ्या बांधलं गेलं. तो अर्थ मला मान्य नाही. कोणाच्या पोटी जन्मले, यापेक्षा माझं मन कसं चालतं, हा माझा स्वभाव. त्याला मानवेल ते काम माझा स्वधर्म, मग ते चार महिन्यांचं का असेना.

गीता अशी कामाशी जोडून वाचायला मला आधार आहे, तोही आमच्याच नदीकाठचा. रतनगडाच्या कुशीतून निघालेली प्रवरा अकोले, संगमनेर करत खाली नेवाशाला जाते. तिथंच शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानोबांनी गीता लोकांच्या बोलीत आणली, ती रोजच्या जगण्याला लागावी म्हणूनच, असं मी मानते.

आणि 'तात्पुरतं' या शब्दाची आपल्याकडं इतकी लाज का? आमच्या डांगाणात, या डोंगराळ भागात, पावसाळ्यात आवणी म्हणजे भाताची लावणी, दिवाळीच्या सुमारास भातकापणी, नंतर कित्येक घरं नारायणगावकडं मजुरीला. त्यात गरिबीची सक्ती आहे, तिचं कौतुक मी करणार नाही. पण आवणीला उभ्या असलेल्या बाईला 'हे काय खरं काम?' असं कुणी विचारत नाही.

आता नवं काम बघताना मी तीन गोष्टी बघते. चूक लगेच कळते का? हात हलते राहतात का? संपलं की संपलेलं दिसतं का? पगार आणि हुद्दा त्यानंतर. कायमचं काम मिळेल तेव्हा तेही याच तीन प्रश्नांवर पारखून घेईन. तोवर पहाटे पाचला भट्टी पेटते, आणि मी वेळेवर पोचते.