कशावरून?

नोव्हेंबर 2020मध्ये वरोऱ्याच्या आनंदवनाविषयी महाराष्ट्र जे आणि जसं बोलला, त्याकडे आता थोडं थांबून पाहायला हवं. आनंदवन चालवणाऱ्या महारोगी सेवा समितीच्या मुख्य कार्यकारी अधिकारी डॉ. शीतल आमटे-करजगी यांनी समाजमाध्यमावर एक चित्रफीत टाकली. तिच्यात संस्थेच्या कारभाराविषयी आणि काही माणसांविषयी आरोप होते. थोड्याच वेळात ती काढली गेली. मग कुटुंबातल्या ज्येष्ठांनी निवेदन काढून ते आरोप नाकारले, आणि त्या निवेदनात शीतल यांच्या मानसिक स्वास्थ्याचाही उल्लेख आला. 30 नोव्हेंबरला आनंदवनातच त्यांचं निधन झालं. वय अवघं 39. या मृत्यूला कोण जबाबदार, याचा निवाडा मी इथे करणार नाही. तो मला करता येणार नाही आणि दूर बसून कुणालाच करता येणार नाही. मला बोलायचं आहे ते आपल्याबद्दल. त्या दिवसांत आपल्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक, लोकांच्या देणग्यांवर आणि विश्वासावर उभी राहिलेली संस्था कशी चालते. दुसरी, एका घरातलं भांडण आणि एका बाईचं आजारपण. पहिलीवर प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क होता, दुसरीवर काडीचाही नव्हता. तरी घराघरांत आणि फोनाफोनांत चवीनं चघळली गेली ती दुसरीच.

निंदेबद्दल मराठी माणूस शतकानुशतकं विचार करत आला आहे. निंदक शेजारी राहायला असावा, असं आपल्याकडे म्हणतात. त्याचा अर्थ आपण बहुधा सहनशीलतेपुरता घेतो. मला त्यातला शेजार महत्त्वाचा वाटतो. शेजारी जे बोलतो ते पाहून बोलतो, आणि बोलून झाल्यावर त्याला त्याच गल्लीत राहायचं असतं. सकाळी पाणवठ्यावर गाठ पडते, तिथे त्याला विचारता येतं, ‘काय रे, कशावरून बोललास?’ गावच्या कुजबुजीचं मोल मी कमी लेखत नाही. खोट्या मापानं धान्य घेणारा सावकार असो की जमिनीच्या कागदात फेरफार करणारा कारकून, त्यांच्याविरुद्ध दुबळ्यांच्या हातात फार काळ एवढंच एक हत्यार होतं. अर्ज लिहिता येत नव्हता, कचेरी लांब होती, पण पारावर चार लोकांत नाव निघालं की सावकारही वरमायचा. कुजबूज म्हणजे केवळ रिकामटेकड्यांचा उद्योग, असं म्हणणाऱ्यानं गाव नीट पाहिलेलं नाही.

पण शेजार असला की भागतं, असंही नाही. 21 ऑगस्ट 2021 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द इथे सात जणांना भानामतीच्या संशयावरून बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध होते, बाया होत्या, आणि ती सगळी दलित कुटुंबांतली होती. मारणारे शेजारीच होते. अंधारातून कुणी दगड मारला नव्हता, भर दिवसा गाव जमलं होतं. 1 मे 2024च्या रात्री गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा इथे जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष यांना मारून जाळलं गेलं. त्याआधी गावात बैठकही झाली होती. असा संशय कसा वाढतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. एखाद्या घरचं पोर तापानं फणफणतं, दुसऱ्याची बकरी मरते. कुणाला तरी आठवतं की अमकी त्या दिवशी दारावरून गेली होती. आठवडाभरानं ‘गेली होती’चं ‘पाहत उभी होती’ होतं, आणि महिन्याभरानं ‘लोक म्हणतात’ एवढंच उरतं. या ‘लोक म्हणतात’ला धरायला कडी नसते. तापाचं कारण मलेरिया असू शकतं, हे विचारायला कुणी पुढे येत नाही. जिच्यावर ठपका आला तिनं ‘कशावरून?’ म्हटलं, तर तो प्रश्नच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, 2013मध्ये, महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला. कायदा हवाच होता. पण तो मारहाण झाल्यावर धावून येतो, कुजबूज चालू असताना नाही.

गडचिरोलीत असा आणखी एक शब्द आहे, ‘खबरी’. पोलिसांचा खबरी ठरवून माओवाद्यांनी गावातल्या माणसांना मारलं आणि प्रेताजवळ पत्रक ठेवलं, असं या जिल्ह्यात वर्षानुवर्षं घडत आलं. त्या पत्रकात आरोप आणि शिक्षा दोन्ही असायचं, पुरावा नसायचा. उलट बाजूनं, रानात मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसालाही ‘त्यांना जेवण देणारा’ हा शिक्का चुकलेला नाही. शहरात बदनामी झाली तर माणसाची झोप उडते, इथे जीव जातो. म्हणून निंदेच्या नीतीचा विचार या जंगलाच्या मुलखातून करायचा. इथे तिची किंमत उघडी दिसते.

हा विचार छापील मजकुराच्या काळात कसा पुढे गेला, ते पाहू. 1848पासून गोपाळ हरी देशमुख ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावानं लिहू लागले. ते सरकारी नोकर होते, खरं नाव लपवण्याला कारण होतं. तरी त्यांच्या पत्रांना उत्तर देता येत होतं, कारण ती छापणारे संपादक भाऊ महाजन नावानिशी समोर होते आणि टीका होती ती समाजाच्या चालीरीतींवर, कुणाच्या माजघरावर नव्हती. पुढे 1867च्या कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव सक्तीचं केलं. इंग्रज सरकारला त्यातून लेखणीवर नजर ठेवायची होती, यात शंका नाही. पण त्याचा एक फायदा वाचकालाही झाला. कागद हातात आला की जाब कुणाला विचारायचा, हे त्याला कळू लागलं.

मग 1882चं कोल्हापूर प्रकरण. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचे हाल केले जात आहेत आणि त्यामागे कारभारी बर्वे आहेत, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं केला. आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, चार महिन्यांची शिक्षा घेतली आणि सूट मिळून 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1883मध्ये, छत्रपतींचा अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अंत झाला. म्हणजे काळजी खरी होती, पुरावा खोटा होता. मला हे प्रकरण आपल्या पत्रकारितेतलं सर्वांत शिकवणारं वाटतं. हेतू शुद्ध होता, माणसं थोर होती, तरी ‘कशावरून?’ या प्रश्नापुढे ती हरली. आणि हरल्यावर पळाली नाहीत. तिथेही वादाच्या मुळाशी एका माणसाच्या डोक्याची अवस्था होती, जशी ती पुढे आनंदवनाच्या वेळी झाली. फरक एवढाच की 1882मध्ये कुणाला तरी जाब द्यावा लागला.

1860च्या भारतीय दंडसंहितेतल्या अब्रुनुकसानीच्या कलमाला जे अपवाद होते, त्यांत एक रेघ फार नेमकी आखलेली आहे. सार्वजनिक कामातलं एखाद्याचं वर्तन, आणि त्या वर्तनातून दिसतो तेवढा त्याचा स्वभाव, यांवर सद्‍भावनेनं मत मांडलं तर तो गुन्हा नाही. मात्र त्यापलीकडे नाही. आताच्या न्याय संहितेत कलमाचा आकडा बदलला, रेघ तीच राहिली. डॉक्टरांच्या दवाखान्यावर, आमदाराच्या निधीवर, समाजसेवकाच्या हिशेबावर बोला, हवं तितकं कडक बोला. त्याच्या घरात कुणाला कोणती गोळी चालू आहे, ते त्या रेघेच्या पलीकडे आहे.

मोबाइलनं ही रेघ पुसली, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. त्यानं जाब विचारण्याचं ठिकाण पुसलं. पुढे ढकललेल्या मजकुराला मुद्रक नसतो, प्रकाशक नसतो. ज्यानं पाठवला तो म्हणतो, मलाही आला होता. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे पाच भटक्या माणसांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठार केलं. तशा अफवा तेव्हा गावोगाव फोनवर फिरत होत्या. ‘लोक म्हणतात’ला आता पाय फुटले होते, एवढंच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पुरावा मागायचा हक्क नेहमी बलवानांनाच जास्त वापरता येतो. 2012मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका साध्या मतासाठी अटक झाली होती. ज्या कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयानं 2015मध्ये रद्द केलं. अब्रुनुकसानीची नोटीस ही आज गरीब टीकाकाराला गप्प करण्याची सोपी वाट आहे, हे मी मान्य करतो. वरच्या साहेबाच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईनं तक्रार करताना नाव द्यावं, असं मी म्हणणार नाही. लोकहितवादींना जी सवलत होती ती तिलाही हवी. पण नाव लपवणं वेगळं आणि आधार लपवणं वेगळं. ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आठवा. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गावोगावच्या नोंदी ठेवून दाखवलं की सरकारी दप्तरात कितीतरी बालमृत्यू येतच नाहीत. आरोप जबर होता, थेट सरकारवर होता. सरकारला ‘कशावरून?’ विचारता आलं, उत्तर मिळालं, आणि पुढे मूल्यमापनासाठी समिती नेमावी लागली. ज्या आयांची बाळं गेली त्यांची नावं पेपरात छापावी लागली नाहीत. दुबळ्याला झाकून बलवानाला उघडं करता येतं, याचा हा आपल्याच मुलखातला दाखला आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. आमटे कुटुंबाचं घरच लोकांपुढे होतं. साधनाताईंचं ‘समिधा’, प्रकाश आमट्यांचं ‘प्रकाशवाटा’, त्यांच्यावरचा 2014चा चित्रपट, हे सारं आपण डोळे भरून वाचलं-पाहिलं. त्या घराची कहाणी ऐकून लोकांनी देणग्या दिल्या. मग घरातलं बिनसलं तेव्हा दार लावून घेण्याचा हक्क त्यांना कसा? याचं माझं उत्तर असं. जे त्यांनी स्वतः सांगितलं, त्यावर विचारता येईल. जे सांगितलं नाही, ते कहाणीच्या जोरावर ओढून काढता येणार नाही, आजारपण तर मुळीच नाही. आणि यात आपली चूक त्यांच्याहून मोठी आहे. 1949पासून चाललेल्या संस्थेला आपण देव्हाऱ्यात बसवलं. सार्वजनिक विश्वस्त संस्थेला दरवर्षी तपासलेला हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, तो पाहण्याची वाट कायद्यानं खुली आहे. आपल्यापैकी किती देणगीदारांनी तो कधी मागितला? देवाला हिशेब विचारायचा नसतो, असं आपण धरून चाललो. साधा प्रश्न सत्तर वर्षं उघड विचारला गेला नाही, म्हणून तो शेवटी कुजबूज होऊन आला आणि हिशेबाऐवजी माणसावर पडला. पूजा आणि कुचाळकी या एकाच आळसाच्या दोन बाजू आहेत. दोन्हींत माहिती काढण्याचे कष्ट वाचतात.

कडाक्याचं भांडणही नीट करता येतं, हे चंद्रपूरच्या दारूबंदीत दिसलं. 2010मध्ये बायांनी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला, 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि मे 2021मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. अवैध दारू वाढली, असं सरकार म्हणालं. बंदीमुळे घरांचा फायदा झाला, असं बंदीवाले म्हणाले. माझं मत बंदीच्या बाजूचं आहे. पण दोन्हीकडून आकडे मांडले गेले, ते खोडता येत होते, आणि बोलणारे नावानिशी उभे होते. एवढं असलं की कडवटपणाची मला भीती वाटत नाही.

बारसेवाडा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. 2009मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे गोंड गाव. बैठक तिथेही होते. पण तिथे आधी अभ्यासगट बसतो. त्यात गावातला, बाहेरचा कुणीही येऊन विचारू शकतो, हे कशावरून, ते कशावरून. अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तो सगळ्यांच्या सहमतीनं. एकाही माणसाचं मन वळलं नसेल तर त्या दिवशी निर्णय होत नाही, विषय पुढच्या सभेत पुन्हा घेतात.