तिथीची पाऊणपट

चि. मुक्ता,



अर्नाळ्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा रोज पहाटे आपोआप टेलिग्रामवर टाकणारा बॉट तू करते आहेस, आणि तो लॅपटॉपवर नाही तर क्लाउडवर ठेवणार आहेस, म्हणजे तू परीक्षेला बसलेली असलीस किंवा झोपलेली असलीस (आठ वाजेपर्यंत झोपतेस म्हणे, मी ऐकलंच नाही असं समज) तरी त्याचं काम थांबायचं नाही, हे कळलं आणि फार बरं वाटलं बाळा. अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जायला होडीच लागते, इथली माणसं पाणी बघून घराबाहेर पडतात, हे तू पुण्याला जाऊनही विसरली नाहीस.

फक्त घाई करू नकोस. भाड्याचं यंत्र मुंबईतलंच घेतलंस, तरी त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं ना, आपल्या साडेपाच तास मागे? वेळ ठरवणाऱ्या क्रॉनमध्ये नुसते सकाळचे ६ लिहिलेस तर संदेश येईल साडेअकराला. आणि आपली माणसं उठतात चारला, म्हणून तू वेळ लावशील आदल्या रात्रीची २२:३०. वेळ बरोबर, पण तेव्हा यंत्राची तारीख कालचीच असते गं! ते 'आज' समजून कालची भरती सांगेल. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे चूक एवढीशी की वाचणाऱ्याला खरीच वाटावी.

आपली जुनी रीत तुला ठाऊक आहेच, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पण हा हिशेब ढोबळ; पाऊण तासाची चूक त्यात सहज लपते. म्हणून प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधरवडाभर बॉटचा संदेश फक्त आपल्या दोघांना येऊ दे. मी तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील तक्त्याशी रोज ताडून बघेन, चहा होईपर्यंत मला दुसरं काम नसतं. त्या तक्त्यात अपोलो बंदराची वेळ असते, आपल्याकडे थोडा फरक पडतो, तोही मांडून ठेवतो.

पैशाचं म्हणशील तर सगळ्यात लहान यंत्र पुरे, दिवसाला एकच तर संदेश. आणि खर्च ठरल्यापेक्षा वाढला तर इशारा यावा अशी सोय पहिल्याच दिवशी कर. टेलिग्रामच्या बॉटफादरने दिलेलं टोकन कोडमध्ये लिहून गिटहबवर चढवू नकोस, वेगळं ठेव. तू ठेवशीलच, तरी म्हाताऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

संदेशात वेळेच्या आधी तिथी लिही, होडीवाले काका पहिली तीच बघतात. सुकेळी पाठवतो आहे, खोलीतल्या मुलींनाही दे.

तुझे,
आजोबा
अर्नाळा