बोगद्यातली गाडी आणि प्रमाणांचा वाद

आगगाडी या क्षणी नेमकी कुठे आहे, हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो. रूळ जागचे हलत नाहीत, गाडी रुळांवरच आहे आणि इंजिनात लोको पायलट बसलेला आहे. मग अडचण कसली? पण दोन गाड्यांमधले अंतर सुरक्षित आहे का, हे यंत्राने ठरवायचे झाले की हाच प्रश्न आपल्याला भारतीय दर्शनांतल्या फार जुन्या वादात नेऊन सोडतो. ज्ञान खरे कशावरून ठरते? एका भरवशाच्या साक्षीदारावरून, की अनेक सदोष साक्षीदारांच्या मेळावरून? रेल्वेने या प्रश्नाला दिलेले उत्तर दुसऱ्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांच्या, बाजूचे आहे, आणि ते निव्वळ सोयीचे नसून तर्कालाही टिकणारे आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी साक्षीदार पारखून घेऊ. चाकाचे फेरे मोजले की कापलेले अंतर कळते, पण चाक झिजते. डब्ल्यूएपी-7 इंजिनाचे नवे चाक 1092 मिलिमीटर व्यासाचे असते आणि ते 1016 पर्यंत झिजू देतात. अशा झिजलेल्या चाकाला नव्याचे माप लावले, तर दर किलोमीटरला पाऊणशे मीटरची चूक होते. शिवाय ओल्या रुळावर जोर लावला की चाक जागच्या जागी फिरते आणि ब्रेक दाबला की न फिरताच घसरते. उपग्रहाला झिजेची भीती नाही, पण त्याची चूक काही मीटरांची असते आणि शेजारचा रूळ असतो जेमतेम चार-पाच मीटरवर. कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात तर तो मुकाच होतो. वेगातला बदल मोजणाऱ्या यंत्राला बाहेरच्या कुणाचीच गरज लागत नाही, म्हणून ते बोगद्यातही बोलते. मात्र त्याच्यातल्या बारीकशा कायमच्या दोषामुळे अंतरातली चूक काळाच्या वर्गाने वाढते, एका मिनिटात जेवढी चूक त्याच्या चौपट दोन मिनिटांत. स्लीपरवर बसवलेला आरएफआयडी टॅग आपल्या जागेपुरता पक्का असतो, पण दोन टॅगांच्या मध्ये त्याला काहीच सांगता येत नाही. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या आपल्याकडच्या ‘कवच’ प्रणालीत या टॅगांना चाकाच्या फेऱ्यांची जोड दिली आहे, ती याचसाठी. आणि शेवटचा साक्षीदार म्हणजे मार्गाचा नकाशा. तो कुणीतरी आधी मोजून लिहून ठेवलेला असतो आणि इंजिन त्यावर विश्वास ठेवते; दर्शनांच्या भाषेत हा शब्दप्रमाणाचा प्रकार.

इतक्या साक्षी एकत्र करायच्या म्हटल्या की बौद्ध तार्किक दिङ्नागाचा आक्षेप उभा राहतो. बौद्ध प्रमाणशास्त्रात, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या विचारात, प्रत्यक्षाचा विषय वेगळा आणि अनुमानाचा वेगळा. दोन्ही एकाच वस्तूवर येऊन मिळत नाहीत. याला प्रमाणव्यवस्था म्हणतात. उलट वात्स्यायनाने न्यायभाष्यात प्रमाणसंप्लव मांडला, म्हणजे एकाच विषयावर अनेक प्रमाणांचे येणे. त्याचा दाखला अग्नीचा आहे : तिकडे अग्नी आहे असे विश्वासू माणसाकडून कळते, जवळ जाताना धूर दिसून अनुमान होते, आणि पोचल्यावर अग्नी प्रत्यक्ष दिसतो. दिङ्नागाचा मुद्दा मला हलका वाटत नाही. चाक फक्त फेरे जाणते, उपग्रह वेळ आणि अंतरे जाणतो, टॅग एक क्रमांक जाणतो. या तिघांचा विषय खरोखरच एक नाही. तो एक होतो नकाशामुळे, कारण गाडी रूळ सोडून जाऊ शकत नाही आणि म्हणून प्रत्येकाचे म्हणणे ‘या रुळावर सुरुवातीपासून किती अंतरावर’ या एकाच मोजमापात उतरवता येते. संप्लव आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो. पण घडवता येतो, एवढे नैयायिकांना पुरे आहे.

यावर कुणी म्हणेल, अनेकांच्या म्हणण्याची सरासरी म्हणजे काही सत्य नव्हे. खरे आहे, आणि इथे नुसती सरासरी काढत नाहीतच. रुडॉल्फ कॅल्मन यांनी 1960 साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक साक्षीला तिच्या अनिश्चिततेच्या उलट वजन मिळते. एका यंत्राची चूक सर्वसाधारणपणे 3 मीटरची आणि दुसऱ्याची 4 मीटरची असेल, आणि त्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर दोघांच्या मेळातून येणाऱ्या उत्तराची चूक 2.4 मीटर ठरते. उजव्या साक्षीदारापेक्षाही ती कमी! डावा साक्षीदार काढून टाकला असता तर ज्ञान घटले असते. मात्र सगळा भार ‘स्वतंत्र’ या शब्दावर आहे. डोंगरकड्यावरून परावर्तित होऊन आलेल्या एकाच संकेताने फसलेली दहा उपग्रह-यंत्रे मिळूनही एकच साक्ष देतात. नकाशाच चुकीचा असला, तर बाकीचे सगळे एकमताने चुकीच्या जागेवर बोट ठेवतील. म्हणून संख्या मोजण्याऐवजी दोषांची कारणे मोजली पाहिजेत. चाकाला पाऊस फसवतो, उपग्रहाला बोगदा. बोगद्याला चाक फसत नाही, यातच त्यांच्या एकत्र येण्याचे मोल आहे.

मीमांसक कुमारिलाचा आक्षेप अधिक खोल आहे. एका ज्ञानाचे प्रामाण्य दुसऱ्याने ठरवायचे, तर त्या दुसऱ्याचे कोण ठरवणार? ही न संपणारी साखळी, म्हणजे अनवस्था, टाळण्यासाठी मीमांसक म्हणतात की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक ज्ञान समोर आले किंवा कारणात दोष दिसला तरच ते सोडावे. रोजच्या व्यवहाराला हे पुरते. गाडीच्या बाबतीत मात्र बाधक ज्ञानाची वाट पाहणे म्हणजे अपघाताची वाट पाहणे. ऑगस्ट 1999 मध्ये पश्चिम बंगालातल्या गैसल इथे दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर येऊन आदळल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. तिथे बाधक ज्ञान आले ते त्या रूपात. त्यानंतर कोकण रेल्वेने उपग्रहाच्या आधारे टक्कररोधक यंत्र विकसित केले, आणि त्या कामातला अवघड भाग होता गाडी नेमक्या कोणत्या रुळावर आहे हे ओळखण्याचा. अनवस्थेला माझे उत्तर असे की इथे कुणालाही अंतिम साक्षीदार मानायची गरजच नाही. प्रत्येकजण इतरांकडून तपासला जातो आणि स्वतःही इतरांना तपासतो : दोन टॅगांमधले अंतर ठाऊक असल्याने चाकाची झीज उमगते, आणि चाकाच्या हिशोबाने टॅग यायला हवा तिथे आला नाही तर टॅगमधला बिघाड उघड होतो.

आणि मेळ बसलाच नाही तर? न्यायसूत्रकार गौतमाने सोळा पदार्थांत संशयाला तिसरे स्थान दिले आहे, प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच पाठोपाठ. युरोपच्या गाडी-नियंत्रण प्रणालीने हा संशय चक्क आकड्यात बांधला. मागच्या खुणेपासून मोजलेल्या अंतरात 5 मीटर अधिक त्या अंतराच्या 5 टक्के, एवढीच चूक तिथे चालते. म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर गाडी 55 मीटर पुढे किंवा मागे असू शकते, हे यंत्र स्वतःच धरून चालते. पुढे थांबायचे असेल तेव्हा ते गाडीचे तोंड त्या अनिश्चिततेच्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला आहे असे मानून ब्रेकचा हिशोब करते. कुणाला ही भित्रेपणाची रीत वाटेल, पण आपले अज्ञान किती लांबीचे आहे हे ठाऊक असणे हेही मी ज्ञानच समजतो. बोगद्यात तो पट्टा दर मीटरला थोडा थोडा लांबत जातो, आणि इंजिनाखालून पुढची खूण सरकली की पुन्हा पाच मीटरवर येतो.