आईचा हरिपाठ



विटेवर देव का उभा राहिला, हे वारकऱ्याला सांगावयास नको. पुंडलिकराय आईबापांच्या सेवेत होते, म्हणून देवाला थांबावे लागले. ही कथा मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. बाया पदराने डोळे पुशीत, आणि मी नारळ घेऊन पुढच्या गावाला निघे. घरी माझी आई होती. तिच्या बाबतीत माझ्या हातून जे घडले ते नारदाच्या गादीवरून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून येथे लिहितो.

आमचे शेत तरडगावच्या अलीकडे, माउलींच्या वाटेवर. चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते, ते आटोपून पुढे निघालेले वारकरी आमच्या बांधावर टेकायचे. आई त्या दिवशी सकाळपासून भाकरी थापायला बसे. हात परातीत आणि मुखाने हरिपाठ. अक्षरओळख नव्हती. तिच्या आईने जात्यावर म्हटलेला तिने कानाने घेतलेला. ‘पुण्य’ म्हणायचे तिथे ती ‘पुन्य’ म्हणे, मुक्तीची ‘मुगती’ होई, स्मरणाचे ‘सुमरान’. पण एक दिवस खंड नाही. बाळंतपणातसुद्धा नाही, असे आमची आत्या सांगे.

१९७२ च्या दुष्काळात विहिरीचा तळ उघडा पडला. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. घरात लाल मिलोच्या भाकरी. कामावर मिळालेली सुकडी ती स्वतः खात नसे, पदरात बांधून आम्हा पोरांसाठी आणी. एकदा कपची उडून भुवईवर खोक पडली, तो व्रण शेवटपर्यंत होता. त्या मजुरीतले पैसे गाठीला बांधून तिने मला पुढल्या साली आळंदीस शिकावयास धाडले.

आळंदीत अमरकोश झाला, लघुकौमुदी झाली. तैत्तिरीय उपनिषदात आचार्य शिष्याला निरोप देतात तेव्हा देवासमान मानावयाच्या माणसांत आईचे नाव पहिले घेतात, बापाच्या आणि स्वतःच्याही आधी. मनूने तर आईचा गौरव बापाहून हजारपट सांगितला. सारे मुखोद्गत होते. मुखातच होते, खाली उतरले नव्हते.

१९७९ च्या आषाढात घरी आलो. बांधावर पंगत बसलेली, आई वाढीत होती आणि हरिपाठ चालला होता. मी वारकऱ्यांदेखत म्हणालो, “आई, पुन्य नव्हे, पुण्य. जीभ वर टाळूला लाव. अशुद्ध म्हणू नये.” आणि विद्या नवी होती ना, म्हणून वर दृष्टांतही दिला. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला, मंत्रात एक स्वर चुकला, आणि अर्थ उलटून इंद्रच त्या वृत्राला मारणारा ठरला. व्याकरण शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगतात. वेदमंत्राच्या स्वराचा नियम मी भाकरी वाढणाऱ्या माउलीच्या नामाला लावला!

आई काही बोलली नाही. वाढीत राहिली. पंगतीतला एक म्हातारा वारकरी मात्र घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

त्यानंतर आईचा हरिपाठ मला ऐकू आला नाही. ओठ हलत, आवाज नसे. थकली असेल असे मला वाटले, असे लिहिणार होतो. पण खरे सांगायचे तर माझ्या ध्यानातच आले नाही. कीर्तने वाढली होती.

१९९४ साली माझी आठ वर्षांची लेक देवळात हरिपाठाला उभी राहिली. खणखणीत म्हणाली, एकही चरण सोडला नाही. आणि ‘पुन्य’ म्हणाली. घरी येताना मी टोकले, तर म्हणते, “अण्णा, आजी असंच म्हणती की. तुम्ही गावाला गेला की आम्ही दोघी मोठ्यानं म्हणतो.”

त्या रात्री आईजवळ जाऊन बसलो. विचारले, मी असताना का म्हणत नाहीस? ती वाती वळीत होती. म्हणाली, “तूच सांगितलंस न्हवं, एक अक्षार चुकलं आन् त्येंचा पोरगाच मेला. मला काय शुद्ध येतंय व्हय रं? तू घरात असताना माझ्याकडनं चुकलं, आन् तुला काय झालं म्हंजी?”

पंधरा वर्षे, सज्जनहो! मी विद्येचा तोरा मिरविला, आणि तिने तो माझ्या जिवाला लागू नये म्हणून मुक्याने गिळला. मी तिच्या पायावर डोके ठेवले. “आरं, वाती सांडतील,” एवढेच म्हणाली.

नामदेवरायांच्या मातोश्री गोणाई. नारा, विठा, गोंदा, महादा या नातवंडांची आजी. लेकाला देवाने नादी लावले म्हणून ती प्रत्यक्ष पांडुरंगाशी भांडली. शिंप्याच्या घरातल्या आईचे ते रोखठोक बोलणे संप्रदायाने गाथेत जसेच्या तसे सांभाळले. तिला कोणी म्हणाले नाही की बाई, देवाशी असे बोलू नये. हे अभंग मी शेकडो वेळा वाचले होते.

आई पुन्हा मोठ्याने म्हणू लागली, पण मी आलो की पहिले दोन-तीन चरण अडखळे. ती अडखळ काही गेली नाही.

२०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. आई पंच्याऐंशीच्या घरात. नको म्हणत असता तिने भाकरी थापल्याच, आणि रिकाम्या वाटेकडे तोंड करून बांधावर बसली. दिवस कलला तेव्हा भाकरी गुरांना घातल्या आणि एकटीने हरिपाठ म्हटला. मी गोठ्याच्या आडोशाला उभा राहून ऐकला. पुढे गेलो नाही, अडखळेल म्हणून.

२०२१ च्या माघात ती गेली. वर्षश्राद्धाच्या कीर्तनात गोणाईचे आख्यान लावले. त्याआधी हरिपाठाला माझ्या लेकीची सहा वर्षांची पोर पुढे उभी राहिली. पणजीचीच चाल. ‘पुन्य’ म्हणाली तसे पखवाज वाजविणाऱ्याने हळूच माझ्याकडे पाहिले. मी टाळ धरला आणि तिच्या मागून तसेच म्हटले.

रामकृष्णहरि.